डाव्या टाचेचा ठसा

१२ जून

दादा,

आणि ‘अर्धवट’ म्हणजे काय रे? वहिनीनं चार पानी पत्र लिहिलं, छोटीच्या पडलेल्या दातापासून गळक्या नळापर्यंत सगळं कळवलं, आणि खाली तू एक ओळ खरडलीस: ‘हे काम टिकवतोयस की हेही अर्धवट?’ घर सोडून दोन वर्षं झाली, तुझं पालुपद काही बदललं नाही. शाळा अर्धवट, वेल्डिंग अर्धवट, तुझ्या हाताखालचं रंगकाम अर्धवट. मोजायलाच बसलास तर लग्नातला तुझा कोटही मी एकाच बाजूनं इस्त्री केला होता, तो कसा राहिला यादीतून?

टिकवतोय. सव्वा वर्ष एकाच ठिकाणी आहे. फोनवर तू ‘हं’ म्हणतोस आणि फोन वहिनीकडे देतोस, म्हणून लिहितोय. कागदाला ‘हं’ करता येत नाही.

काम काय ते तुला अजून नीट माहीतच नाही. बास्केटबॉलचा मोठा हॉल आहे. खाली सगळी लाकडाची जमीन, इतकी गुळगुळीत की वरचे दिवे आत बुडाल्यासारखे दिसतात. ती जमीन माझी. सकाळी एकदा, दुपारी एकदा मी रुंद मॉप फिरवतो. सामना असला की रिंगच्या मागं बुटक्या स्टुलावर बसायचं, मांडीवर टॉवेल. खेळाडू पडला की त्याच्या घामाचा ओला डाग राहतो. शिट्टी वाजली की धावायचं, पुसायचं, परत बसायचं. आठ सेकंद. तू हसशील. पण इथली माणसं हत्तीएवढी आहेत आणि नखाएवढ्या ओल्यावर घसरतात.

इथे एक जण आहे, त्याला आम्ही सगळे जिराफ म्हणतो. तोंडावर म्हणत नाही, पण त्याला माहीत आहे. एकतीस वर्षांचा. डिसेंबरात सामन्यात उडी मारून खाली आला आणि डावा गुडघा गेला. आतली दोरी तुटली. डॉक्टरांनी त्याच्याच मांडीतली दोरी काढून गुडघ्यात बसवली. शिंपी जुन्या पँटचा कपडा काढून कोपराला ठिगळ लावतो ना, तसं. माणसाच्या आत असं ठिगळ चालतं, हे मला माहीतच नव्हतं.

आता तो रोज सकाळी सहाला येतो, एकटाच. पहिले कितीतरी आठवडे नुसता एका पायावर उभा राहायचा, उशीवर. मी मॉप मारताना बघायचो. एवढा लाखांचा माणूस, उशीवर उभा आणि लटपटतोय! एकदा म्हणाला, “काय रे पुसणाऱ्या, तमाशा बघतोस का? तो बॉल दे.” तेव्हापासून रोज मी बॉल देतो. त्याचा पगार नाही, तू विचारायच्या आधीच सांगतो.

का देतो? असंच. बघायला आवडतं. तुटलेला माणूस परत कसा जुळतो, ते जवळून बघायला मिळतंय.

त्या पडण्यानंतर तू शिडीवर चढतोस का? वहिनी त्याबद्दल काही लिहीत नाही.

तुझा,
मी


४ जुलै

दादा,

वहिनीचं पत्र मिळालं. तुझी ओळ नव्हती. म्हणजे कोटाचा राग आला तर.

वहिनी लिहिते, तू दारं, खिडक्या आणि कपाटंच रंगवतोस. शाळेची तीन मजली भिंत आली होती, ती त्या तिरळ्या रंगाऱ्याकडे गेली. शिडी भिंतीला लावतोस, पहिल्या पायरीवर हात ठेवतोस, आणि मग चहा मागतोस. तिनं हे हसण्यावारी लिहिलंय, पण ओळ दोनदा खोडली आहे.

एक विचारू? तू पडलास त्या दिवशी आधी डोळ्यांपुढं अंधारी आली होती का? कानात काही वाजलं का? की चक्कर आली हे तू पडल्यावर ठरवलंस? नीट आठवून सांग. मी उगाच विचारत नाहीये. इथं रोज गुडघ्यांबद्दल ऐकून ऐकून मला असले प्रश्न पडायला लागलेत.

इथलं ऐक. जिराफ आता धावतो, थांबतो, वळतो. फिजिओ बाई येतात, त्याच्या गुडघ्यांवर रबराचे पट्टे बांधतात आणि त्याला खेकड्यासारखं आडवं चालवतात. बाई त्याच्या कमरेएवढ्या, पण तो त्यांना जाम घाबरतो. “अजून दहा,” म्हणाल्या की म्हणतो, “बाई, तुमच्या घरी कुणी आहे का हो, ज्याला तुम्ही प्रेमानं बोलता?” बाई म्हणतात, “आहे, मांजर. तिचे दोन्ही गुडघे चांगले आहेत.”

मग बाई गेल्या की तो मला विचारतो, “तुला काय वाटतं? जातंय का नीट?” मला! मी आठवी नापास. मी म्हणतो, “मला काय कळतंय?” तो म्हणतो, “म्हणूनच विचारतोय. कळणारे सगळे सारखंच सांगतात.”

आता एक गोष्ट तुला सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगितलेली नाही आणि तूही वहिनीला सांगू नकोस.

डिसेंबरातल्या त्या सामन्यात तो पडला त्याच्या मिनिटभर आधी, त्याच जागी दुसरा एक खेळाडू पाठीवर पडला होता. पाठीएवढा डाग. शिट्टी झाली, मी धावलो, पुसायला लागलो. तेवढ्यात जिराफ बाजूला उभा राहून बॉल एका बोटावर फिरवत होता, आणि फिरवता फिरवता तो दुसऱ्या बोटावर घेत होता. हे कसं करतो, ते मी बघत राहिलो. हात पुसत होता, डोळे त्याच्या बोटांवर. शिट्टी वाजली, मी परत स्टुलावर. बसल्यावर दिसलं, अर्धा डाग तसाच चमकतोय. वाटलं, इतक्यात कोण येतंय तिकडे?

तो आला.

बघ, तुझाच शब्द. अर्धं पुसलं मी. आता खूश?

लोकांनी त्याला स्ट्रेचरवर उचललं, मग मुकादमानं मला खूण केली आणि मी जाऊन ती जागा पुसली. नीट पुसली. दोन वेळा पुसली. कुणी काही विचारलं नाही. सगळे म्हणाले, असे गुडघे कधी कधी आपोआप जातात, कुणाचा धक्का लागत नाही, काही नाही. मीही मान हलवली.

म्हणून बॉल देतो. कळलं आता?

मी


१९ ऑगस्ट

दादा,

तू लिहिलंस! पाच ओळी! मी मोजल्या. ‘अंधारीबिंधारी काही नाही. एकदम पायाखालचं गेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही म्हणजेच आतून काहीतरी आहे. कारण नसताना आलं ते कारण नसताना परतही येईल. आता ते उकरू नकोस, मुकाट्यानं जमीन पूस.’

‘कारण नसताना’चं हे वाक्य मी इथं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, जवळजवळ असंच. त्यामुळे आज लिहायला बसलोय.

आधी ठशांचं सांगतो. हॉलला वर पूर्वेकडे खिडक्या आहेत. सकाळी साडेसहाला ऊन तिरपं येतं आणि तेव्हा खाली वाकून बघितलं तर जमिनीवर बुटांचे सगळे ठसे दिसतात. एरवी दिसत नाहीत. मला रोज दिसतात, कारण पुसायचे असतात. महिनाभर बघत होतो: जिराफ उडी मारून खाली येतो तिथं उजवा पाय पूर्ण, टाचेसकट. डाव्याचा नुसता चवडा. टेकवल्यासारखं करतो आणि सगळं वजन उजव्यावर घेतो. बाईंच्या यंत्रात दोन्ही पाय सारखे आहेत. ताकद सारखी, वाकणं सारखं. बाई कोचला म्हणाल्या, “माझ्याकडून तो पास.” पण यंत्रावर तो एका जागी बसून पाय ढकलतो. यंत्राच्या वर उडी मारत नाही.

आणि क्लबचं असं, की ऑक्टोबरच्या पहिल्या सामन्याआधी ठेवायचं की नारळ द्यायचा, ते ठरणार. कोच मुकादमाला म्हणत होता, “पाय बरा झालाय, माणूस नाही झाला.”

परवा मी न राहवून त्याला हाताला धरून खाली बसवलं. एवढा ताड, गुडघे दुमडून माझ्या शेजारी. म्हटलं, “हे बघा, इथं. आणि इथं. डावी टाच कुठंच नाही.”

त्यानं डाव्या ठशावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “मला माहीत आहे.”

“मग टेकवत का नाही?”

“कारण ते का गेलं तेच मला माहीत नाही. दोनशे वेळा ती फिल्म पाहिली. उडी नीट, पाय नीट, जवळ कुणी नाही. पाय आपोआप बाहेर सरकला. कारण नसताना गेलं, तर कारण नसताना पुन्हा जाईल. अशा पायावर कसं उभं राहू, तूच सांग.”

दादा, मी सांगितलं.

कसं सांगितलं ते आता आठवत नाही. बोट, फिरणारा बॉल, अर्धा टॉवेल, सगळं उलटसुलट. तो ऐकत होता. मग उठला. मला वाटलं मारतोय. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “आठ महिने. आठ महिने तुला माहीत होतं, आणि रोज सकाळी तू मला बॉल देत होतास.” एवढंच. पिशवी उचलली आणि गेला.

काल आला नाही. आज आला नाही.

मुकादमाला मीच जाऊन सांगितलं. तो कानाला मोबाइल लावून बसला होता, तो त्यानं खाली ठेवला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, “हे तू आत्ता का सांगतोयस? कुणी पकडलं का तुला?” म्हटलं, “नाही.” म्हणाला, “मग मूर्ख आहेस.” नोकरीचं काय करायचं ते उद्या सांगतो म्हणाला.

तुला एवढं सगळं सांगतोय. अजूनही थोडं राहिलंय. आज नाही.

मी


२६ ऑगस्ट

दादा,

नोकरी आहे. सामन्यांच्या दिवसाचा जास्तीचा भत्ता बंद, बाकी आहे तसं. मुकादम म्हणाला, “तुला काढला तर नवा पोरगा आणावा लागेल. त्याला अर्धं पुसायचं सुचायला अजून वर्ष जाईल. तुझं ते होऊन गेलंय.”

आता पुढचं ऐक, मला अजून नवल वाटतंय.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला दार उघडलं. जिराफ. बूट घातलेले. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, “पाणी आण.”

मला वाटलं प्यायला. ग्लास आणला. म्हणाला, “प्यायला नाही, गाढवा. जमिनीवर. त्याच जागी. त्या दिवशी होतं तेवढंच.”

मी ती जागा डोळे मिटून दाखवीन. डाव्या बाजूच्या रेघेपासून दोन पावलं. फडकं ओलं करून पाठीएवढा डाग केला, मग त्या दिवशी पुसला होता तसा अर्धा पुसला. तो म्हणाला, “खरंच एवढंच पुसलंस?” म्हटलं, “एवढंच.” म्हणाला, “निर्लज्ज आहेस.” मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळा भार माझ्यावर, आणि डावा पाय हळू कोरड्यावर सरकवला. चीं! बूट ओरडला. मग ओल्यावर सरकवला. काहीच नाही. लोण्यावरून सुरी जावी तसा बाहेर गेला. पुन्हा कोरडं, चीं. पुन्हा ओलं, गप्प. वीस-पंचवीस वेळा केलं आम्ही ते. माझा खांदा अजून दुखतोय. त्याच्या तोंडाकडे बघितलं तर छोटीला पहिल्यांदा भिंगातून मुंगी दाखवली होती ना, तसं तोंड.

मग मला सुचलं. म्हटलं, “तुमच्या त्या फिल्ममध्ये आवाज आहे का?”

“आहे. का?”

“तुम्ही खाली आलात तेव्हा बूट ओरडला का?”

दोनशे वेळा पाहिली होती त्यानं फिल्म. डॉक्टरांनी पाहिली, बाईंनी पाहिली, कोचनं पाहिली. सगळ्यांनी बघितलीच. लोकांचा गलका नको म्हणून आवाज बंद करून बघितली. आम्ही ऑफिसात गेलो, कॉम्प्युटर लावला, आवाज मोठा केला, डोळे मिटले. लोकांचा गलका आहे, पण बूट त्यावर ऐकू येतात. चीं, चीं, चीं, मग उडी. मग काहीच नाही. मग त्याची किंकाळी.

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा. मग खुर्चीत मागं रेलला आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले. “म्हणजे माझा गुडघा नव्हता,” म्हणाला. “पाणी होतं. नुसतं पाणी होतं रे! कुणाचाही गेला असता.”

मी म्हटलं, “माझ्यामुळं होतं.”

“हो. तुझ्यामुळं. त्याचा राग आहे, आणि तो राहणार. तुला काय वाटलं, जाईल?” मग म्हणाला, “पण तुझ्यावर रागावता येतं. गुडघ्यावर रागावून काय करणार?”

हे मी चार दिवस डोक्यात घोळवतोय.

त्याच दिवशी त्यानं डाव्या पायावर खाली येऊन बघितलं. बाई धावत आल्या. त्या ओरडत होत्या आणि हा म्हणत होता, “बाई, थांबा, ठसा बघू द्या.” खाली वाकला. पूर्ण नव्हता. पण टाचेचा काठ होता, नखाएवढा चंद्रकोरीसारखा.

मी


८ ऑक्टोबर

दादा,

काल पहिला सामना झाला.

क्लबनं त्याला ठेवलं, पण अर्ध्या पैशांवर आणि राखीव खेळाडूंत. तो म्हणाला, “अर्धवटांच्या संगतीत राहिलं की असं होतं.” मी म्हटलं, माझ्या भावाची आणि तुमची गाठ घालायला पाहिजे.

मुकादमानं मला पुन्हा स्टुलावर बसवलं. भत्ता नाही, नुसता स्टूल. जिराफ सुरुवातीला बाकावरच होता. कोचनं त्याला शेवटून दुसऱ्या टप्प्यात उतरवलं. लोक उभे राहिले. मला लोक दिसत नव्हते, मी जमीन बघत होतो. कुणी पडलं नाही तरी पुसत होतो. पंच म्हणाला, “अरे, झिजेल ती.”

अकरा मिनिटं खेळला. पहिला नेम चुकला. दुसरा रिंगच्या काठावर फिरून बाहेर. एकदा तो मोकळा होता, तरी बॉल दुसऱ्याला दिला आणि मला कळलं की पाय उचलला नाही त्यानं. मग एकदा डावीकडून आला, त्याच बाजूनं, रेघेपासून दोन पावलं. दोन जण अंगावर. डाव्या पायावर वर गेला, वरच राहिला असं वाटलं, बॉल आत ठेवला, आणि खाली आला. डाव्यावर.

चीं!

दादा, एवढ्या गलक्यात मी तो आवाज ऐकला. त्यानंही ऐकला, कारण परत धावताना त्यानं माझ्याकडे बघून एक बोट कानाला लावलं. एकूण चार गुण. पेपरात आलं असेल ‘साधारण खेळ’. मी आज सकाळी ऊन यायची वाट बघत बसलो. मुकादम म्हणत होता पूस, पूस. सांगितलं, थांबा. ऊन आलं. त्या जागी डाव्या पायाचा ठसा होता. चवडा, मधला भाग, टाच. आख्खा. मी त्याच्याभोवतीची सगळी जमीन पुसली आणि तो तेवढा तासभर ठेवला.

तिथं उकिडवा बसलेलो असतानाच ठरवलं, की तुला राहिलेलं आज लिहायचं.

तू पडलास तेव्हा मी शिडी धरलेली नव्हती.

शेजारच्या आवारातली पोरं खेळत होती, त्यांचा बॉल भिंतीवरून आला आणि माझ्या मागून टप्पे घेत चालला. मला वाटलं उचलून फेकतो, तीन पावलं तर आहेत. सोडली. तू वर दुसऱ्या मजल्याच्या पट्टीपाशी होतास, डावीकडे वाकलेला. शिडीचा खालचा पाय ओल्या फरशीवर होता, तू मला सकाळी म्हणाला होतास, ‘पोतं घाल खाली.’ मी घातलं नव्हतं. मी बॉल फेकला आणि वळलो, तेव्हा शिडी भिंतीवरून घासत चालली होती. मी परत आलो आणि पडलेली शिडी धरली. लोक धावत आले तेव्हा माझे दोन्ही हात शिडीवर होते. तू शुद्धीवर आलास आणि म्हणालास, “चक्कर आली वाटतं.” वहिनी रडत होती. मी म्हटलं, “हो दादा, चक्कर आली.” मी म्हटलं ते.

तुला चक्कर आली नव्हती. पायाखालचं गेलं, ते खरंच गेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, कारण तुझ्या आत काहीच नव्हतं. त्या तपासण्या, त्या गोळ्या, तुझं ते पहिल्या पायरीवर हात ठेवून चहा मागणं, सगळं माझ्या तीन पावलांचं आहे. आणि मग तू मला अर्धवट म्हणालास, त्यावरून मी भांडण काढलं आणि निघून आलो. भांडण सोपं होतं.

रागाव माझ्यावर. तुला पाहिजे तितका, पाहिजे तितके दिवस. पाच ओळींची मर्यादा नाही. पण तो राग स्वतःच्या डोक्यावर, त्या नसलेल्या चकरेवर काढू नकोस. ती नव्हतीच.

विश्वास बसत नसेल तर तपासून बघ. आम्ही बघितलं तसं. ओली फरशी कर, पोतं न घालता कुणाची तरी जुनी शिडी लाव, कुणी चढायचं नाही, नुसती बाजूला रेट. मग पोतं घाल, आणि परत रेट. आवाज ऐक.

वहिनीनं लिहिलंय, जुनी शिडी तू विकलीस आणि आता शाळेवाले परत विचारत आहेत, कारण तिरळ्यानं भिंतीवर ढग काढलेत. मी तिच्याकडून दुकानातला भाव मागवला. दोन भागांची, अॅल्युमिनियमची, खाली रबराचे पाय असलेली. मला डिसेंबरात आठ दिवसांची सुट्टी आहे. खाली धरायला मी येतो. नको असलो तरी येतो. बॉल आला तर जाऊ दे म्हणेन.

तोवर शिडी घेऊन ठेव. पैसे आजच्या डाकेनं निघालेत, शिडीचे आणि रबराच्या पायांचे, आख्खे:

नऊ हजार सहाशे.